जुन्या शिलाई मशीनला मोटर: आधी मशीन मोकळं, मग मोटर

आईचे गुडघे दुखायला लागले आणि तिचं पायमशीनवर बसणं हळूहळू बंद झालं. मशीन आजीचं. सिंगर 15K, काळं कुळकुळीत, अंगावर सोनेरी नक्षी, खाली जाळीदार लोखंडी स्टँड. आमचे शाळेचे युनिफॉर्म, उशांचे अभ्रे, आत्याच्या लग्नातले सगळे ब्लाउज त्याच्यावर झालेले. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, ते देऊन टाका आणि नवीन हलकं मशीन आणा. मला ते पटेना. त्या मशीनचा टाका आजही असा येतो की नव्या प्लॅस्टिकच्या मशीननं बघत राहावं. गुडघ्यांचा प्रश्न होता, मशीनचा नव्हता. म्हणून मी मोटर बसवली. त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या पाच-सहा मशीनना बसवून दिली. त्यात सिंगर होती, उषा होती, मेरिट होतं. त्यातून जे हाताला कळलं ते इथे लिहितो आहे.

सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो. मोटर बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. त्याच्या आधी मशीन मोकळं करण्याचं काम दोन-तीन दिवसांचं आहे, आणि खरं काम तेच. दुसरं, बिडाच्या जुन्या मशीनला नवीन भोक पाडायचं नाही. मोटर अशी बसवायची की उद्या काढली तर मशीन पुन्हा जसंच्या तसं पायावर चालेल.

मोटर कुणाला लावावी, कुणाला लावू नये

आपल्याकडे घरोघरी जी काळी मशीन आहेत, त्यांतली बहुतेक 15 नंबरच्या सिंगरच्या घडणीची. उषा, मेरिट आणि इतर भारतीय काळ्या मशीनची आतली रचना पुष्कळशी तशीच आहे. गोल बॉबिन, डाव्या बाजूनं बसणारी बॉबिन केस आणि पुढेमागे हेलकावणारं शटल, म्हणजे वरचा दोरा बॉबिनच्या दोऱ्यात गुंफणारा भाग. ही रचना मोटरला उत्तम. 15K मधला K म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक गावातला सिंगरचा मोठा कारखाना. 1885 ला सुरू झाला, 1980 ला बंद पडला. आपल्याकडची कितीतरी जुनी सिंगर तिथून आलेली आहेत. सिरियल नंबर Y किंवा E नं सुरू होत असेल तर तुमचंही बहुधा तिथलंच.

सिंगर 66 आणि त्याचं धाकटं भावंड 99, ज्यांत बॉबिन वरून टाकायची असते, त्यांनाही मोटर छान चालते.

नावेसारख्या लांब शटलची 27, 28, 127, 128 ही मशीन जपून चालवावी लागतात. त्यांचं शटल एका कमानीत पुढेमागे फेकलं जातं, वेग वाढला की ठोके बसतात आणि आवाज वाढतो. लावायचीच असेल तर छोटी मोटर लावा आणि पायडल, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी पायाखालची कळ, कधीही पूर्ण दाबू नका. त्याहून जुन्या 12 नंबरच्या मशीनला मोटर लावूच नका. तिची सुईच वेगळी असते आणि ती आता सहजी मिळत नाही. ते मशीन कोपऱ्यात जपून ठेवण्याचं.

मशीनच्या खांबाच्या मागच्या बाजूला, वरच्या, हातानं फिरवायच्या चाकाच्या थोडं खाली, एक गोल उंचवटा आणि त्यात आटे असलेलं भोक आहे का ते पाहा. हातमशीनचं हँडल जिथे बसतं तीच ती जागा. मोटरची पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, तिथेच बसते. काही अगदी जुन्या, फक्त पायासाठी बनवलेल्या मशीनना हा उंचवटा नसतो. तिथे कुणी मेकॅनिक म्हणाला की "ड्रिल मारून देतो", तर नको म्हणा. बीड ठिसूळ असतं, आटे नीट बसत नाहीत आणि एकदा तडा गेला की तो मिटत नाही. अशा मशीनसाठी मोटर मागच्या फळीवर लाकडी ठोकळ्यावर बसवता येते. लाकूड पुन्हा बदलता येतं.

एका बोटाची परीक्षा

मोटर विकत घ्यायच्या आधी ही परीक्षा घ्या. दोरा काढा, सुई काढा, फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर करा, चामड्याचा पट्टा काढून ठेवा. आता चाकाच्या कडेला एकच बोट लावून चाक स्वतःकडे फिरवा. चाक जड वाटता कामा नये. एका जागी अडून पुढे सुटलं तरी नापास. चांगलं मशीन एका बोटानं, एकसारख्या जोरानं फिरतं आणि हलका झटका दिला की स्वतःहून थोडं पुढे जाऊन थांबतं.

नापास झालं तर मोटर लावू नका. छोट्या मोटरची सगळी ताकद ते घट्टपण ओढण्यात जाते, पायडल गरम होतं आणि मोटरमधून जळका वास यायला लागतो. माझी पहिली मोटर अशीच गेली. आठवडाभरात. दोष मोटरचा नव्हता, मी घाई केली होती.

मशीन घट्ट का होतं? आपल्याकडे त्याचं सर्वांत मोठं कारण खोबरेल तेल. घरात मशीनचं तेल संपलं की बाटलीतलं खोबरेल किंवा गोडं तेल दोन थेंब सोडायचं, ही सवय दोन-तीन पिढ्यांची. खाण्याचं तेल लोखंडावर वर्षानुवर्षं राहिलं की घट्ट होऊन तांबूस, चिकट थर बनतो. आधी मधासारखा, मग लाखेसारखा. मी आजीच्या मशीनची डावीकडची झाकणी काढली तेव्हा सुईच्या दांड्यावर हाच थर होता. नखानं खरवडला तर पापुद्रे निघाले.

सफाई अशी करा. मशीन मागे कलवा. खालच्या बाजूला जिथे जिथे लोखंड लोखंडावर फिरतं किंवा घासतं, तिथे मशीनचं पातळ पांढरं तेल सोडा. डावीकडची झाकणी, मागचं गोल झाकण आणि कापड सरकवणाऱ्या दातांवरची पट्टी काढून तिथेही सोडा. वरच्या भागात तेलासाठी छोटी भोकं असतात, काही मशीनवर त्यांना छोटी सरकती झाकणं असतात. चाक वीस-पंचवीस वेळा फिरवा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी फडक्यानं काळं तेल पुसा, पुन्हा सोडा. फार जाम असेल तर गंज सोडवणारा स्प्रे सांध्यांवर मारता येतो, पण त्यानंतर खरं तेल द्यायलाच हवं, कारण स्प्रे उडून जातो. पूर्वी रॉकेलनं ही सफाई होत असे, आता ते सहज मिळत नाही. एक युक्ती मला फार उपयोगी पडली: केस वाळवायच्या ड्रायरनं घट्ट झालेला सांधा पाच मिनिटं गरम करायचा. चिकट थर मऊ होतो आणि तेल आत शिरतं.

सोनेरी नक्षीला जपा. त्या नक्षीवर लाखेचं वॉर्निश असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर यांतलं काहीही लावलं की चकाकी पांढरट होते, नक्षी निघते. अंग पुसायला मशीनचंच तेल आणि मऊ सुती फडकं.

शटलची खाच स्वतंत्रपणे तपासा. शटल बाहेर काढा आणि त्याच्या गोल खाचेत बारीक पाहा. दोऱ्याचा एखादा तुकडा तिथे दडलेला असतो. एका उषा मशीनमध्ये मला जेमतेम दीड सेंटिमीटरचा लाल दोरा सापडला. त्या एका तुकड्यापायी बाई सहा महिने मशीन जड चालतं म्हणत होत्या.

दोन-तीन दिवस हे करूनही मशीन अडत असेल, तर सुईच्या दांड्याचा एखादा भाग वाकलेला असू शकतो. तिथे जुन्या मेकॅनिकला दाखवा. मोटर त्यावर उपाय नाही.

चाकाचा मधला स्क्रू

मोटरवर बॉबिन भरताना सुई चालायला नको असते, म्हणून चाकाच्या मधला मोठा गोल स्क्रू सैल करून चाक सुटं करतात. पायमशीनवर बरेच जण हे न करताच बॉबिन भरतात, त्यामुळे तो स्क्रू वर्षानुवर्षं हललेलाच नसतो. मोटर लावण्याआधी तो चालतो आहे याची खात्री करा.

मोठ्या स्क्रूच्या कडेला एक अगदी छोटा स्क्रू असतो, तो आधी सैल करा. मग मोठा स्क्रू पूर्ण काढा. आत एक वॉशर दिसेल. त्याला आतल्या बाजूला दोन जिभा आहेत, त्या दांड्याच्या खाचेत बसतात आणि बाहेरच्या बाजूला आलेल्या असतात. बाहेरच्या कडेला तीन कानं आहेत. सगळं पुसून, दांड्यावर एक थेंब तेल देऊन परत बसवा. स्क्रू घट्ट करूनही चाक निसटत असेल किंवा सैल केल्यावरही सुटत नसेल, तर वॉशर काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. नव्वद टक्के वेळा एवढ्यानं काम होतं. छोटा स्क्रू शेवटी लावायला विसरू नका.

मोटर कोणती घ्यायची

घरगुती मशीनसाठी आपल्याकडे मिळणारी छोटी मोटर कार्बन ब्रशची असते, म्हणजे कार्बनचे दोन तुकडे तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवतात. साधारण 100 ते 150 वॅट, सोबत ब्रॅकेट, पट्टा आणि पायडल. बहुतेकांसाठी हीच योग्य. 15 नंबरच्या मोकळ्या मशीनला 100 वॅट पुरतात. 230 व्होल्टवर ती साधारण अर्धा अँपियर करंट घेते, म्हणजे घरातला साधा 6 अँपियरचा सॉकेट पुरेसा आहे. दहा तास शिवलं तरी वीज सुमारे एक युनिट.

हल्ली टेलरिंगच्या कारखान्यांत सर्वो मोटर आल्या आहेत. आवाज नाही, पायडल सोडलं की मोटर पूर्ण थांबते, बसल्या जागी वेगाची मर्यादा ठरवता येते. मोह पडतो, मलाही पडला होता. पण त्यांतली नेहमीची मोटर 550 वॅटची असते आणि ती टेबलाखाली बसवायची असते. जाड, मोठ्या कारखानी मशीनसाठी ती ठीक. घरगुती 15K ला मी ती लावणार नाही. कारण साधं आहे: सुई कुठे अडली, चेनवर आपटली किंवा दोरा शटलमध्ये गुंतला, तर छोटी मोटर तिथेच दमते आणि थांबते. सर्वो थांबत नाही. मग मशीनमधलं काहीतरी वाकतं, आणि आजीच्या मशीनचा तो भाग सहज मिळत नाही. दररोज आठ तास जाड कापड शिवायचं असेल तर वेगळं मशीन घेतलेलं बरं.

दुकानात मोटर हातात घेतल्यावर तीन गोष्टी पाहा. दांडा हातानं फिरवून बघा, खरखर नको. प्लेटवर 220 किंवा 230 व्होल्ट लिहिलेलं हवं. परदेशातून आलेल्या काही जुन्या मोटर 110 व्होल्टच्या असतात, त्या इथे लावल्या की क्षणात जळतात. शिवाय जुन्या मोटरच्या वायरवरचं रबर भुगा होऊन गळत असेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. तिसरी गोष्ट पायडल. जुन्या पद्धतीच्या पायडलमध्ये कार्बनच्या चकत्या असतात, ते हळू वेगात तापतं. इलेक्ट्रॉनिक पायडल कमी तापतं आणि वेगावर ताबाही बरा देतं. थोडे जास्त पैसे मोजून तेच घ्या. पायडल बिघडलं म्हणून पंख्याचा रेग्युलेटर लावू नका. तो वेगळ्या मोटरसाठी बनलेला असतो.

वेगाचा हिशोब सोपा आहे. चाकाचा एक फेरा म्हणजे एक टाका. समजा, मोटरच्या पुलीचा, म्हणजे तिच्या दांड्यावरच्या छोट्या चाकाचा, व्यास 20 मिलिमीटर आणि चाकावरच्या खाचेचा 70 मिलिमीटर. मोटर साडेतीन वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. कापडाच्या ओझ्याखाली मोटर मिनिटाला 4000 फेरे घेत असेल तर मशीन मिनिटाला अकराशेच्या वर टाके घालेल. घरगुती मशीनसाठी ही वरची हद्द आहे. दोन पुलींतली निवड असेल तर नेहमी लहान घ्या. वेग कमी मिळतो, पण ताकद जास्त आणि सुरुवात सावकाश.

बसवणी

प्लग बाहेर आहे ना, आधी ते पाहा.

हातमशीन असेल तर मागचा बोल्ट काढून हँडल उतरवा. पायमशीन असेल तर चामड्याचा पट्टा काढा. चामड्याचा पट्टा आणि मोटर यांपैकी एकच काहीतरी चालू हवं. चामड्याचा पट्टा तसाच ठेवून मोटर सुरू केली तर खालचं मोठं चाक फिरतं, पायाखालची लोखंडी जाळी जोरजोरात वरखाली होते, आणि साडीचा पदर किंवा पायाचं बोट तिच्यात आलं तर इजा होते. लहान मुलं असलेल्या घरात हे विशेष लक्षात ठेवा.

ब्रॅकेट उंचवट्यावर ठेवा आणि हँडलचाच जुना बोल्ट वापरा. सिंगरचे आटे बाजारातल्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टशी जुळत नाहीत. नवा बोल्ट दोन फेऱ्यांनंतर अडला की जोर लावू नका, आटे खराब होतात. बोल्ट हरवला असेल तर मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात मशीनचं नाव सांगून मागा. बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घाला, कारण मोटरच्या थरथरीनं बोल्ट सैल होतो. अजून पूर्ण घट्ट करू नका.

मोटर ब्रॅकेटच्या लांब खाचेत मधोमध बसवा. पट्ट्याची लांबी कळायला शिवणाचीच टेप घ्या. चाकाच्या खाचेभोवती आणि मोटरच्या पुलीभोवती तिचा वेढा द्या, जो आकडा येईल ती पट्ट्याची लांबी. सोबतचा पट्टा बहुतेक वेळा बसतो, पण मशीनगणिक एक-दोन सेंटिमीटरचा फरक असतो, आणि खाच त्याच्यासाठीच लांब दिलेली असते. मोटर वर सरकवा, पट्टा आधी मोटरच्या पुलीवर, मग चाकाच्या कडेवरून आत खाचेत उतरवा. चढत नसेल तर ओढाताण न करता चाक काढा आणि पट्टा घालून परत बसवा.

आता स्टीलची पट्टी चाकाच्या खाचेच्या बाजूला टेकवून मोटरची पुली त्याच रेषेत आहे का ते पाहा. पुली दोन मिलिमीटर जरी आत-बाहेर असली तरी पट्टा एका कडेनं घासतो आणि महिनाभरात मशीनखाली काळी भुकटी पडलेली दिसते. पुलीचा स्क्रू सैल करून ती दांड्यावर सरकवता येते.

ताण ठरवणं हातानं शिकायचं काम आहे. पट्ट्याच्या मधोमध बोटानं दाबलं तर तो साधारण एक सेंटिमीटर आत जायला हवा. त्याहून कमी जात असेल तर पट्टा फार घट्ट आहे. लोक पट्टा घट्टच करतात, निसटू नये म्हणून, आणि मोटर गुणगुणते, गरम होते, तिच्या दांड्याचं बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, एका बाजूनं झिजतं. मशीन मोकळं असेल तर सैलसर पट्टाही निसटत नाही. ताण बसला की दोन्ही बोल्ट घट्ट करा आणि चाक हातानं दहा फेरे फिरवून पट्टा कुठे टेबलाला, ब्रॅकेटला किंवा बॉबिन भरायच्या रबराला घासत नाही ना ते पाहा.

फिरण्याची दिशा हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न. शिवताना चाकाचा वरचा भाग आपल्याकडे येतो. सरळ पट्ट्यावर मोटर आणि चाक एकाच दिशेनं फिरतात, म्हणजे मोटरच्या पुलीचा वरचा भागही तुमच्याकडेच यायला हवा. शिलाई मशीनसाठी विकलेली मोटर तशीच असते. मिक्सरची किंवा दुसरी कुठली मोटर लावली आणि ती उलटी फिरली, तर प्लग उलटा लावून दिशा बदलत नाही. अशा मोटरमध्ये दिशा आतल्या जोडणीवर ठरते. म्हणूनच दुसऱ्या यंत्राची मोटर नको.

टेबलावर एक अडचण येते. मोटर मागे लटकते, त्यामुळे तेल देण्यासाठी मशीन मागे कलवलं की ती फळीला लागते. कलवण्याआधी पट्टा काढून मोटर वर सरकवायची सवय करा. झाकणाचा लाकडी डबाही मोटरसकट बसत नाही.

अर्थिंग

हा भाग वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

बिडाचं मशीन म्हणजे वीज वाहून नेणारा मोठा लोखंडी ठोकळा, आणि तुमचे दोन्ही हात शिवताना त्यावरच असतात. सोबत येणारी बरीच पायडल दोन पिनांची असतात. शेजारच्या काकूंच्या मशीनला मोटर बसवताना मी वायर ब्रॅकेटखालून नेली होती. बोल्ट घट्ट करताना ती दबली आणि तिचं आवरण चिरलं. पावसाचे दिवस, फरशी ओली, काकू अनवाणी. फुटाला हात लागला आणि त्यांना मुंग्या आल्या. टेस्टर लावला तर दिवा पेटला. नशिबानं थोडक्यात निभावलं. तेव्हापासून मी मोटर लावण्याआधी अर्थची वायर लावतो.

काम असं. तीन पिनांचा प्लग आणि हिरवी-पिवळी अर्थ वायर घ्या, टोकाला गोल लग, म्हणजे धातूची कडी, दाबून बसवा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत हे सगळं मिळतं, गावात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात. मशीनच्या अंगावरचा काळा रंग वीज अडवतो, म्हणून लग रंगावर ठेवून उपयोग नाही. मशीनच्या पोटाखाली एखादा आधीचाच स्क्रू शोधा, तो काढा, खालचं लोखंड उघडं आणि स्वच्छ आहे ना ते पाहा, आणि लग त्याच्याखाली घट्ट करा. वरून एक ओरखडासुद्धा काढावा लागत नाही. मोटर धातूची असेल तर तिच्या अंगाला दुसरा लग लावा, कारण रंगवलेल्या ब्रॅकेटमधून जोड होईलच असं नाही.

मल्टिमीटर असेल तर प्लग सॉकेटबाहेर ठेवून तपासा. अर्थची पिन आणि फूट यांच्यात मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवायला हवं. बाकीच्या दोन पिना आणि फूट यांच्यात काहीही दाखवता कामा नये. पायडल फेजच्या वायरवर असायला हवं, न्यूट्रलवर नाही, नाहीतर पायडल सोडल्यावरही मोटरमध्ये फेज असतो. शक्य असेल तर घरात 30 मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. हे जमत नसेल तर एवढ्या कामापुरता इलेक्ट्रिशियन बोलवा, त्यात कमीपणा काही नाही.

वायर कुठून जाते तेही बघा. ती पट्ट्यापासून लांब, लोखंडी कडांवर न घासता जावी. पायमशीनवर पायडल ठेवायला चांगली जागा म्हणजे पायाखालची जाळीच. ती हलू नये म्हणून तिच्याखाली लाकडी ठोकळा घट्ट बसवा आणि पायडल वर ठेवा. आईला नेहमीच्याच जागी पाय टेकवून शिवायला मिळालं, हे तिला सगळ्यांत जास्त आवडलं.

पहिली चाचणी

सुई नाही, दोरा नाही, फूट वर. फुटाखाली दात आणि फूट एकमेकांवर घासू देऊ नका. प्लग लावा, पायडल अगदी हलकं दाबा. मोटर गुणगुणली आणि चाक हललं नाही, तर घाबरू नका. छोट्या मोटरला पहिल्या क्षणी ताकद कमी असते. चाकाला हातानं थोडा इशारा दिला की ती धरते. ही सवय पुढेही ठेवा: जाड शिवणीवर पायडल जास्त दाबण्यापेक्षा चाकाला हात लावा.

दोन मिनिटं सावकाश चालवून थांबा. मोटरला तळहात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर पट्टा सैल करा आणि एका बोटाची परीक्षा पुन्हा घ्या. मोटरच्या फटीतून आत निळसर छोट्या ठिणग्या दिसल्या तर ते कार्बन ब्रशचं नेहमीचं काम आहे. पूर्ण गोल पिवळी आग फिरताना दिसली तर लगेच बंद करा.

मग सुई लावा. या मशीनना आपली नेहमीची चपट्या बाजूची घरगुती सुई लागते. 15 नंबरच्या मशीनमध्ये दोरा उजवीकडून डावीकडे ओवतात का डावीकडून उजवीकडे, हे सुईच्या खाचेवरून ठरवा: लांब खाच ज्या बाजूला, दोरा त्या बाजूनं. दोरा न ओवता जुन्या वहीच्या कागदावर रेघांवरून चालवून बघा. वेगावर ताबा येईपर्यंत तीन-चार पानं खर्ची घाला. आईनं आधी सरळ रेघ, मग वळण, मग चौकोनाचे कोपरे असे कागद शिवले आणि तिसऱ्या दिवशी ब्लाउज कापला.

पायमशीनवर ज्याचा हात बसलेला आहे त्याला पहिल्या दिवशी एक गोष्ट जड जाते. पायमशीन थांबवायला आपण चाकावर हात ठेवतो. मोटरवर पाय उचलला की मशीन अर्ध्या क्षणानंतर थांबतं, तेवढ्यात दोन-तीन टाके पुढे जातात. कोपऱ्याच्या आधीच पाय उचलायचा आणि शेवटचे टाके हातानं चाक फिरवून घालायचे.

पुढची काळजी

रोज शिवत असाल तर रोज सकाळी एक-एक थेंब तेल. पायमशीनपेक्षा मोटरवर मशीन कितीतरी जास्त फेरे घेतं, तेव्हा तेलही जास्त लागतं. मोटरच्या आत तेल सोडू नका, कार्बनवर तेल गेलं की मोटर बिघडते. नव्या छोट्या मोटरना दांड्याच्या टोकाशी वर्षातून एक थेंब पुरे. पंधरा-वीस मिनिटं सलग शिवलं की तिला थोडं थंड होऊ द्या.

कार्बन ब्रश मोटरच्या दोन बाजूंना, छोट्या प्लॅस्टिकच्या स्क्रूंखाली असतात. वर्षातून एकदा काढून पाहा. पाच मिलिमीटरपेक्षा लहान झाले असतील तर जोडी बदला, एकच कधी बदलू नका. काढताना कोणता कुठल्या बाजूचा आणि कसा बसला होता त्याची खूण ठेवा, कारण त्यांचं तोंड मोटरच्या गोलाईप्रमाणे झिजलेलं असतं.

मोटर चालते पण चाक नाही, असं झालं तर पट्टा पाहा, मग मधला स्क्रू. मशीन कधी वेगात, कधी मंद चाललं तर पायडल. खडखड ऐकू आली तर आधी ब्रॅकेटचा बोल्ट, मग मोटर. नवीन बसवलेल्या मोटरचा बोल्ट पहिल्या आठवड्यात एकदा आणि महिन्यानं एकदा आवळावाच लागतो.

चामड्याचा पट्टा, हँडल आणि त्याचा बोल्ट एका डब्यात घालून स्टँडच्या खणात ठेवा. आमच्याकडे दुपारी वीज जाते तेव्हा आई मोटरचा पट्टा उतरवते, ठोकळा काढते आणि चामड्याचा पट्टा खालून ओवून खाचेत चढवते. तिला त्याला दोन मिनिटं लागतात. एखाद-दुसरी शिवण पायावर घालण्याइतके गुडघे अजून साथ देतात.